पीएलसी-डेल्टा पीएच-जीएफपी: पेशीपटलावरचं पिप-टू दाखवणाऱ्या सेन्सरचं परीक्षण

पेशीपटलाच्या आतल्या थरात फॉस्फॅटिडिल-इनोसिटॉल ४,५-बिसफॉस्फेट नावाचं एक लिपिड असतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे पिप-टू म्हणतात. पटलातल्या एकूण लिपिडांमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का, पण त्याच्यावर अवलंबून असलेली कामं मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. केसीएनक्यू जातीची पोटॅशियम चॅनेल्स पिप-टू असेल तरच उघडतात. पेशी बाहेरचा माल आत घेताना पटलावर बनणाऱ्या क्लॅथ्रिनच्या पिशव्या बांधणारं एपी-टू हे प्रथिन पिप-टूला धरूनच पटलावर येतं. पटलाखालचं अ‍ॅक्टिनचं जाळं पटलाला किती घट्ट चिकटेल, हेही तेच ठरवतं. आणि फॉस्फोलायपेज-सी या विकराने त्याचे दोन तुकडे केले, की एक तुकडा (डायअसिलग्लिसरॉल) पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सीला बोलावतो आणि दुसरा (आयपी-थ्री) पेशीद्रवात जाऊन कॅल्शियम सोडवतो.

हे लिपिड जिवंत पेशीत डोळ्यांनी पाहायचं असेल, तर आजही बहुतेकांचा हात पहिल्यांदा एकाच प्लाझ्मिडकडे (पेशीत जनुक घालायच्या डीएनएच्या वर्तुळाकडे) जातो: फॉस्फोलायपेज-सी-डेल्टा-१ (पीएलसी-डेल्टा) या प्रथिनाचा पिप-टू धरणारा भाग, म्हणजे पीएच डोमेन (प्लेक्स्ट्रिन-होमॉलॉजी; आम्लता सांगणाऱ्या पीएचशी याचा संबंध नाही), आणि त्याला जोडलेलं जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन. १९९८ मध्ये तोबियास मेयर यांच्या गटाने आणि पेटर वार्नाई व तमाश बल्ला या जोडीने स्वतंत्रपणे ते वापरात आणलं. पंचवीसहून अधिक वर्षं झाली, तरी ते टिकून आहे. आमचं मत आधीच सांगतो. पिप-टू पटलावर आहे की नाही आणि घटलं तर साधारण कधी घटलं, हे दाखवायला इतकं सोपं, स्वस्त आणि खात्रीचं साधन दुसरं नाही. मात्र 'किती घटलं' आणि 'का घटलं' या दोन प्रश्नांवर हा सेन्सर एकट्याने दिलेलं उत्तर प्रबंधात घालू नका.

मागवायचं कुठून, हे थोडक्यात. अ‍ॅडजीन या ना-नफा प्लाझ्मिड-भांडारात मेयर गटाची आवृत्ती २११७९ क्रमांकावर आहे आणि बल्ला गटाची ५१४०७ क्रमांकावर. पहिलीत जीएफपी आधी आणि पीएच डोमेन नंतर, दुसरीत उलट. दोन्ही चालतात. प्लाझ्मिड रवाना होण्याआधी मटेरियल ट्रान्सफर करारावर संस्थेच्या अधिकृत अधिकाऱ्याची मंजुरी लागते. वेळ जातो तो बहुधा इथे, तेव्हा ही कागदपत्रं आधी हलवा. शेजारच्या प्रयोगशाळेकडून फिल्टर पेपरवर वाळवलेला थेंब मिळाला, तरी करार टळत नाही.

भांडारातून येते ती लहान कुपी, तिच्यात आगरमध्ये टोचलेले जिवाणू. ती आली त्या दिवशीच एलबी-आगरच्या प्लेटवर रेषा ओढा. प्रतिजैविक कॅनामायसिन, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पीईजीएफपी कुळातली ही सगळी प्लाझ्मिडं कॅनामायसिनवर निवडली जातात. सवयीने अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटवर पसरली की काहीच उगवत नाही आणि दोष कुपीला दिला जातो. एकच वसाहत उचलून ५ मिलिलिटरमध्ये रात्रभर ३७ अंशांवर वाढवा. तिच्यातून निम्मा भाग ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये समप्रमाणात मिसळून उणे ८० अंशांवर ठेवा, उरलेल्यातून डीएनए काढा. सी-वन (मेयर गटाच्या) आवृत्तीसाठी ईजीएफपी-सी आणि एन-वन (बल्ला गटाच्या) आवृत्तीसाठी सीएमव्ही-फॉरवर्ड प्रायमरने एकदा डीएनएचा क्रम वाचून घ्या. हा खर्च टाळू नका, कारण पीएच डोमेनमधलं एक अमिनो आम्ल बदललं तरी पटलावरची चमक पूर्ण जाऊ शकते, आणि ती का गेली हे मायक्रोस्कोपवरून कळत नाही.

आता मुख्य मुद्दा, मात्रा. या सेन्सरच्या बाबतीत जितकी मंडळी फसतात, त्यातली बहुतेक इथेच. प्लाझ्मिडमधलं जनुक चालू करणारा सीएमव्ही प्रमोटर जोरदार असतो आणि चमकदार पेशी पाहिली की हात आपसूक तिच्याकडेच वळतो. पण सेन्सरचं काम पिप-टूला धरून बसणं हेच आहे. पेशीत सेन्सरची गर्दी झाली, की चॅनेल, एपी-टू, अ‍ॅक्टिनची प्रथिनं या सगळ्यांच्या वाट्याचं पिप-टू तो अडवून ठेवतो. हे केवळ अनुमान नाही. २००० मध्ये माइकेल शीट्झ आणि मेयर यांच्या गटांनी हाच डोमेन भरपूर प्रमाणात भरला, तेव्हा पटल आणि सांगाडा यांच्यातली पकड सैल झालेली मोजता आली. म्हणजे मोजमापाचं यंत्रच मोजायची वस्तू खाऊ लागतं.

त्यासाठी ३५ मिलिमीटरच्या काचतळी डिशमध्ये सेन्सरचं प्लाझ्मिड ०.२ मायक्रोग्रॅमच्या वर नेऊ नका. एकूण डीएनए १ मायक्रोग्रॅम लागतोच, म्हणून उरलेले ०.८ मायक्रोग्रॅम रिकाम्या व्हेक्टरचे भरा. त्याने ट्रान्सफेक्शन (पेशीत डीएनए घालणं) नीट होतं आणि प्रत्येक पेशीला सेन्सर कमी मिळतो. एचईके-२९३ किंवा कॉस-७ (प्रयोगशाळेत नेहमी वाढवल्या जाणाऱ्या) पेशी डिशच्या साधारण ७० टक्के भरलेल्या असाव्यात. लिपिडवर आधारलेलं ट्रान्सफेक्शनचं द्रव्य वापरत असाल, तर ४ ते ६ तासांनी माध्यम बदला. त्याचे धनभारित गोळे पटलाला चिकटून राहतात आणि नंतर ते ठिपके पिप-टूचे समजून मोजले जातात. चित्रण १६ ते २४ तासांत करा. ४८ तासांनी पेशी जास्त चमकतात, पण तोवर सेन्सरचा साठा फार वाढलेला असतो. गोल होऊन सुटू पाहणाऱ्या, कडेला फोड आलेल्या किंवा पेशीद्रव पटलाइतकाच हिरवा दिसणाऱ्या पेशी घेऊ नका. दिव्याची तीव्रता आणि डिटेक्टरचा गेन पहिल्याच दिवशी ठरवून कायम ठेवा, आणि त्यावर ज्या पेशी अंधुक पण कडा स्पष्ट दिसतील, त्याच निवडा.

कन्फोकलवर ६० किंवा ६३ पटीचं, १.४ एनए (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) असलेलं तेलाचं भिंग आणि ४८८ नॅनोमीटरचा लेझर पुरेसा आहे. काच ०.१७ मिलिमीटरची, म्हणजे बाजारात दीड नंबर म्हणतात तीच, घ्या. द्रावण साधं: हँक्सचं क्षारद्रावण, १.८ मिलिमोलर कॅल्शियम, २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४. पेशीच्या मध्यावरचा काप घ्या, तळाचा नको. मध्यावर पटल कडेने एका रेषेसारखं दिसतं, तिथून पेशीद्रवापर्यंत आडवी रेषा ओढून दोन्हींचं गुणोत्तर काढता येतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पटलाची जाडी पाच-दहा नॅनोमीटर आणि मायक्रोस्कोपची विभेदनक्षमता दोनशेच्या वर. म्हणजे 'पटलाचा' म्हणून घेतलेल्या पिक्सेलमध्ये बराचसा पेशीद्रवच असतो. म्हणून गुणोत्तराचा आकडा पेशीच्या आकारावर, भिंगावर आणि फोकसवर हलतो. तो एकाच पेशीच्या आधी-नंतर तुलनेसाठी ठेवा. वेगवेगळ्या दिवसांच्या पेशींमध्ये तो थेट तोलू नका.

सेन्सर चालतोय का, हे पाहायची कसोटी दहा मिनिटांची आहे आणि ती प्रत्येक नव्या तुकडीवर करायला हवी. दर ५ सेकंदांनी चित्र, पहिलं एक मिनिट काहीही न घालता. मग ५ मायक्रोमोलर आयोनोमायसिन, म्हणजे बाहेरचं कॅल्शियम पेशीत शिरू देणारं औषध. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे फॉस्फोलायपेज-सी जोरात चालू होतं आणि मिनिटभरातच हिरवी कडा विरून सगळी पेशी सारखी हिरवी होते. औषध नळीच्या टोकाने थेंबभर सोडू नका. डिशमध्ये असेल तितक्याच द्रावणात दुप्पट तीव्रतेचं औषध बनवून हळू मिसळा, नाहीतर ते एका बाजूला दाट राहतं आणि फोकसही सरकतो. द्रावणात कॅल्शियम घालायला विसरलात, तर आयोनोमायसिनने फारसं काही होत नाही. ही चूक इतकी सर्रास होते, की सेन्सर बिघडल्याची तक्रार करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचावं. सोबत आर-४०-एल हा बदल असलेला सेन्सर दुसऱ्या डिशमध्ये ठेवा. त्यात ४० व्या जागेवरचं आर्जिनीन बदललेलं असल्याने तो पिप-टू धरत नाही आणि सुरुवातीपासूनच पेशीद्रवात पसरलेला असतो. त्याच्यात औषधाने 'बदल' दिसला, तर तो पेशीच्या आकाराचा, फोकसचा किंवा प्रकाशाने विझण्याचा परिणाम आहे, लिपिडचा नाही.

आता या सेन्सरचं सगळ्यात मोठं, आणि स्वभावातच असलेलं, दुखणं. हिरवी कडा विरली म्हणजे पिप-टू संपलं, असा अर्थ लगेच काढला जातो. पण हाच पीएच डोमेन आयपी-थ्रीलाही धरतो, आणि पिप-टूपेक्षा घट्ट धरतो. १९९५ मधल्या मोजमापांत आयपी-थ्रीसाठीचा विघटन-स्थिरांक सुमारे ०.२ मायक्रोमोलर आणि पिप-टूसाठी सुमारे १.७ मायक्रोमोलर आला. हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट, म्हणजे फरक जवळपास आठपट. फॉस्फोलायपेज-सी चालू झालं की पिप-टू घटतं आणि त्याच क्षणी आयपी-थ्री वाढतं. सेन्सर दोन कारणांनी एकाच दिशेला ढकलला जातो: पटलावर धरायला काही उरलं नाही म्हणून, आणि पेशीद्रवात त्याहून आवडतं काही मिळालं म्हणून. पटलावर पुरेसं पिप-टू शिल्लक असतानाही आयपी-थ्रीने सेन्सर ओढून काढणं शक्य आहे. १९९९ मध्ये केंझो हिरोसे आणि मासामित्सु इइनो यांच्या गटाने तर हाच सेन्सर आयपी-थ्री मोजायला वापरला. एकच यंत्र, एकच संकेत आणि दोन वेगवेगळी वाचनं!

यावर क्षेत्रातही एकमत झालं नाही. काही पेशींत पिप-टूच मुख्य ठरतं, काही चेतापेशीजन्य पेशींत आयपी-थ्रीचा वाटा मोठा निघतो. पेशीत आयपी-थ्री किती तयार होतं आणि ते मोडणारे विकर किती आहेत, यावर ते ठरतं. म्हणून दुसऱ्याच्या पेशीतला निष्कर्ष आपल्या पेशीला लावू नये. तपासायच्या दोन पद्धती विश्वासाच्या. पहिली: आयपी-थ्री मोडणारं ५-फॉस्फटेज सोबत भरा. त्यानंतरही कडा तितकीच विरत असेल, तर कारण पिप-टू. दुसरी, आणि आमच्या मते जास्त स्वच्छ: फॉस्फोलायपेज-सीला मध्ये न आणता पिप-टू काढा. पटलावर एफआरबी हा प्रथिनाचा तुकडा बांधायचा, पेशीद्रवात एफकेबीपी या दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं पिप-टूवर चालणारं ५-फॉस्फटेज ठेवायचं आणि रॅपामायसिन हे औषध घालायचं. रॅपामायसिन दोघांना एकत्र आणतं, विकर पटलावर येतो आणि पिप-टूचा पाचव्या जागेवरचा फॉस्फेट काढून टाकतो. आयपी-थ्री तयारच होत नाही, तेव्हा हिरवी कडा विरली तर ती फक्त पिप-टूमुळे. २००६ मध्ये बर्टिल हिले आणि मेयर यांच्या गटांनी याच युक्तीने दाखवून दिलं, की पिप-टू काढताच केसीएनक्यू चॅनेल बंद होतात, कॅल्शियम किंवा प्रोटीन कायनेज-सीची गरज पडत नाही. चॅनेलवर काम करणाऱ्यांनी सेन्सर मागवताना ही जोडीही मागवावी. रॅपामायसिन पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारं एमटॉर हे विकरही अडवतं, म्हणून विकर निष्क्रिय केलेली आवृत्ती नियंत्रण म्हणून अनिवार्य आहे.

यू-७३१२२ हा फॉस्फोलायपेज-सी अडवणारा म्हणून वापरला जाणारा रेणू घालून 'फॉस्फोलायपेज-सी बंद केलं' असं लिहिण्याचा मोह टाळा. तो रेणू इतर प्रथिनांशीही अभिक्रिया करतो आणि कॅल्शियमचा समतोल परस्पर बिघडवतो. वोर्टमॅनिन या औषधाचंही मात्रेनुसार काम बदलतं: १०० नॅनोमोलरला ते पीआय-३-कायनेज अडवतं, १० मायक्रोमोलरला पिप-टूचा कच्चा माल बनवणाऱ्या पीआय-४-कायनेजच्या टाइप-तीन जातीही. पिप-टू पुन्हा भरून येतंय का, हे तपासायला दुसरी मात्रा कामाची आहे. पहिलीने पिप-टूच्या कडेवर फारसा फरक पडायला नको, आणि पडला तर मात्रा पुन्हा तपासा.

पटलावर दिसणाऱ्या 'ठिपक्यां'बद्दल थोडं सविस्तर, कारण यावरून सुंदर चित्रं आणि चुकीचे निष्कर्ष दोन्ही भरपूर निघाले आहेत. सेन्सर काही ठिकाणी जास्त चमकतो. तिथे पिप-टूची बेटं आहेत, असं वाटणं साहजिक आहे. पण पटलाला सुरकुती पडली, घडी झाली किंवा तिथे बारीक केसांसारखे उंचवटे असले, तर त्या जागी पटलाचे दोन-तीन थर एकावर एक येतात आणि चमक आपोआप वाढते. याको फान रेइनेन आणि केस यालिंक यांनी २००२ मध्ये जवळून पाहिलं, तेव्हा मायक्रोमीटरच्या पातळीवरची ही बेटं टिकली नाहीत. म्हणून सोबत लाल रंगाचं साधं पटलचिन्ह भरा, उदाहरणार्थ लिन प्रथिनाच्या पहिल्या अकरा अमिनो आम्लांना जोडलेलं एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन. हिरवं भागिले लाल असं चित्र काढा. ठिपका त्यातही उरला, तरच पुढे बोला.

स्थिर केलेल्या पेशींवर हा सेन्सर वापरू नका, हा आमचा ठाम सल्ला. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना जोडून ठेवतं, लिपिडला नाही. पटलातलं पिप-टू त्यानंतरही सरकत राहतं आणि ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याने तर ते पटलातून निघूनच जातं. अँटिबॉडीने रंगवायचंच असेल, तर थंड राखून, थोडं ग्लुटरल्डिहाइड घालून आणि ट्रायटनऐवजी सॅपोनिन या सौम्य द्रव्याने करायची पद्धत प्रकाशित आहे. पण त्यात वेळेचा धागा हरवतो, आणि या सेन्सरची खरी ताकद वेळेतच आहे.

पर्यायांपैकी टबी प्रथिनाचा डोमेन सर्वात उपयोगी. तो आयपी-थ्रीला फारसा भाव देत नाही, म्हणून वर सांगितलेला गोंधळ टळतो. मूळ टबीची पकड जास्त घट्ट आहे. आर-३३२-एच हा बदल केलेली आवृत्ती सैल धरते, त्यामुळे पिप-टू थोडं घटलं तरी ती हलते. फळमाशीच्या प्रकाशपेशींत काम करणाऱ्यांनी हीच आवृत्ती पसंत केली आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र-संशोधन संस्थेत रघु पडिंजात यांच्या गटाने याच माशीच्या डोळ्यात पीएच-जीएफपीने पिप-टूचं घटणं आणि पुन्हा भरणं पाहिलं आहे. तिथे आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी. जीएफपी चमकवणारा निळा प्रकाश माशीच्या डोळ्यातल्या रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनालाही जागं करतो, आणि ते फॉस्फोलायपेज-सी चालू करतं. म्हणजे पहिलं चित्र घेतानाच फॉस्फोलायपेज-सी सुरू होतं. म्हणून पहिल्या काही मिलिसेकंदांतली चमक हीच 'आधीची' पातळी धरावी लागते आणि मधल्या काळात लांब तरंगलांबीच्या प्रकाशाने रोडॉप्सिन परत मूळ रूपात आणावं लागतं.

पेशी फार चपट्या असतील, तर कन्फोकलवर पटल आणि पेशीद्रव वेगळे दिसतच नाहीत. तिथे एफआरईटीची (जवळच्या दोन चमकणाऱ्या प्रथिनांमधल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीची) जोडी घ्या: एक पीएच-सीएफपी, एक पीएच-वायएफपी, म्हणजे जीएफपीच्या निळसर आणि पिवळ्या भावंडांना जोडलेले डोमेन, सम प्रमाणात. दोन्ही पटलावर दाटीने असताना ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, सुटून पेशीद्रवात पसरले की ती देवाणघेवाण घटते. साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवरही जमतं, प्रकाशही कमी लागतो. आयपी-थ्रीची अडचण मात्र तशीच राहते, कारण डोमेन तोच आहे.

नायट्रोसेल्युलोजवर लिपिडचे ठिपके दिलेल्या पट्ट्या याला पर्याय म्हणून मागवल्या जातात. त्या वेगळ्या प्रश्नासाठी आहेत: आपलं प्रथिन कोणतं लिपिड धरत असेल, याचा पहिला अंदाज. कागदावर सुकलेल्या लिपिडची मांडणी पटलासारखी नसते, ऋणभारामुळे खोटी पकडही दिसते. तिथे मिळालेला होकार लायपोसोमवर (लिपिडच्या बनवलेल्या बारीक पोकळ गोळ्यांवर) तपासल्याशिवाय पुढे नेऊ नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने एकाच मागणीत चार प्लाझ्मिडं घ्यावीत: पीएच-जीएफपी, त्याची आर-४०-एल आवृत्ती, टबी आर-३३२-एच आणि लाल पटलचिन्ह. यातलं फक्त पहिलं घेतलं, तर समीक्षक पहिल्याच फेरीत बाकीची तीन मागतो आणि पुन्हा सही, पुन्हा कस्टम्स, पुन्हा महिनाभराची वाट. सेन्सरची ग्लिसरॉल बाटली उणे ८० मध्ये ठेवताना तिच्यावर प्रतिजैविकाचं नाव आणि जीएफपी कोणत्या टोकाला आहे ते लिहा.